संघ हरतो तो पैशामुळे की मानसिकतेमुळे?

तुमची मुलगी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकते, तिथल्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते आणि तीन हंगामांत तिनं आपल्या फुटबॉल संघाचे मोजून पाच विजय पाहिले आहेत. तिच्या वर्गातली मुलं म्हणतात, विद्यापीठाकडे पैसाच नाही. वर्षानुवर्षं स्टेडियममध्ये येणारे जुने माजी विद्यार्थी म्हणतात, पोरं मैदानात उतरण्याआधीच मनानं हरलेली असतात. यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंत. मी दोन सरकारी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत मिळून सोळा वर्षं बजेटचं काम केलं आणि त्यातली बरीचशी वर्षं हरणाऱ्या संघाबरोबर गेली. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा फुटबॉल, शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतल्या तालमींचे संघ. तिथं वाढलेल्या माणसाला जिद्द हेच सर्वस्व वाटतं, आणि अमेरिकेत आलो तेव्हा मीही तेच मनाशी धरून होतो. इथला फुटबॉल वेगळा. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आक्रमणाची फळी निराळी, बचावाची निराळी. मैदानात एका वेळी अकरा जण असले तरी संघात शंभराच्या आसपास पोरं असतात. हा शंभराचा आकडा लक्षात ठेवा, कारण अर्धं उत्तर त्यात आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक ज्याला मानसिकता म्हणतात ते पुष्कळदा पैशाचं दुखणं निघतं, आणि ज्याला पैशाची चणचण म्हणतात ते पुष्कळदा मानसिकतेचं. पण ती मानसिकता खेळाडूंची नसते. ती विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या आणि क्रीडा विभागाचा प्रमुख असलेल्या अॅथलेटिक डायरेक्टरच्या खोलीत असते.

पहिली गोष्ट चौथ्या क्वार्टरची, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या शेवटच्या भागाची. तुमच्या मुलीनं हे नक्की पाहिलं असणार: तीन क्वार्टर संघ बरोबरीत असतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत कोसळतो. वर बसलेले लोक म्हणतात, दबाव आला की यांचे पाय लटपटतात. मीही तसंच म्हणायचो. मग एका वर्षी आमच्या स्ट्रेंग्थ कोचनं मला सामन्यांचे व्हिडिओ दाखवायला बसवलं. तो म्हणाला, चेंडूकडे बघू नकोस, समोरच्या पाच जणांकडे बघ. हे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. एकेकाचं वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे साधारण १३६ किलोच्या आसपास. दर डावाला समोरच्या तितक्याच जड माणसाला रेटायचं, पुन्हा उभं राहायचं, पुन्हा रेटायचं. बलाढ्य संघाकडे बचावाच्या फळीत आठ-नऊ ताकदीची माणसं असतात आणि ती आलटूनपालटून येतात. आमच्याकडे खरी माणसं पाचच. सहावा उभा केला की क्वार्टरबॅक, म्हणजे त्यांच्यामागे उभा राहून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, आडवा झालाच म्हणून समजा. त्यामुळे तेच पाच जण चार क्वार्टर ओढायचे. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांचे हात खाली येत होते, कंबर वाकत नव्हती. वरून बघणाऱ्याला ते मनानं हरल्यासारखं दिसायचं. खरं तर ते दमलेले असायचे, आणि त्यांना विश्रांती देणारा सातवा-आठवा माणूस आमच्याकडे नव्हता, कारण त्याला शोधायला, आणायला आणि दोन वर्षं खाऊ घालून तयार करायला पैसे लागतात.

आता याची दुसरी बाजू. कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना असलेल्या एनसीएएनं २०१४ साली नियम बदलला आणि विद्यापीठांना खेळाडूंना हवं तेवढं जेवण-खाण देण्याची मुभा मिळाली. आमच्या कोचनं लगेच मागणी केली: सकाळच्या सरावानंतर सगळ्यांना अंडी, ओट्स, फळं, दूध अशी भरपेट न्याहारी द्या. अठरा-एकोणीस वर्षांची ही पोरं पहाटे वजनं उचलून थेट वर्गात जायची आणि दुपारपर्यंत उपाशी राहायची. हंगामाच्या शेवटी त्यांची वजनं उतरलेली असायची. मी हिशेब करून कागद वर पाठवला. उत्तर आलं, पैसे नाहीत. त्याच वर्षी स्टेडियममध्ये भलामोठा नवा व्हिडिओ स्कोअरबोर्ड लागला. एका देणगीदारानं बराचसा खर्च दिला होता, उरलेला विभागानं भरला. त्या उरलेल्या रकमेतसुद्धा न्याहारी कितीतरी वर्षं चालली असती. स्कोअरबोर्डावर नाव कोरता येतं, उकडलेल्या अंड्यावर येत नाही, आणि आमच्या वरिष्ठांची देणगीदाराला तसं समजावून सांगण्याची तयारी नव्हती. त्या दिवसापासून ‘पैसे नाहीत’ हे वाक्य मी जसंच्या तसं कधी स्वीकारलं नाही. पैसे कशासाठी नाहीत, हे विचारायला शिकलो.

या खेळातली एक रीत बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. हंगामाच्या सुरुवातीला मोठी विद्यापीठं लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात. मोठ्याला घरच्या प्रेक्षकांसमोर सोपा विजय आणि तिकीटविक्री मिळते, लहानाला धनादेश. आमच्यात याला ‘पेचेक गेम’ म्हणायचे. कधीकधी हा डाव उलटतो. २००७ साली मिशिगननं अॅपालाचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि स्वतःच्या एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर ३४-३२ नं हार पत्करली. २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमनं त्याच अॅपालाचियन स्टेटला १५ लाख डॉलर दिले आणि १७-१४ नं हरले. २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयनं १४ लाख डॉलर घेऊन नोत्र दामला १६-१४ नं हरवलं. असे दिवस आयुष्यभर पुरतात. एरवी मात्र घडतं ते वेगळंच. आमच्या विभागानं एका हंगामात असे दोन सामने घेतले. दोन्हींत आम्ही चाळीसहून जास्त गुणांनी हरलो आणि पहिल्या फळीतले तीन जण जखमी झाले. स्वतःच्या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या आमच्या गटातले, सामने जिंकण्याची खरी संधी होती आणि तेच आम्ही लंगडत खेळलो. मिळालेल्या पैशातून इतर खेळांची तूट भरून निघाली. फुटबॉलच्या पोरांनी स्वतःच्या गुडघ्यांनी ती भरली असं मला आजही वाटतं, आणि त्या करारांची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून गेली होती याचं वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे पैसा होता आणि तरीही जे हरत राहिले त्यांच्याकडे पाहिलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. इंडियाना विद्यापीठाचं उदाहरण माझ्या मते सगळ्यांत बोलकं आहे. बिग टेन ही देशातली सर्वांत श्रीमंत कॉन्फरन्सांपैकी एक. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी तिचा जो टीव्ही करार २०२२ मध्ये जाहीर झाला तो सात वर्षांचा आणि सुमारे ७०० कोटी डॉलरचा. जुन्या सभासदांना कॉन्फरन्सकडून वर्षाला ६ कोटी डॉलरच्या आसपास वाटा मिळत होता, आणि तो ओहायो स्टेटला जितका, तितकाच इंडियानालाही. तरी २०२३ च्या हंगामात इंडियाना ३ जिंकून ९ हरलं. सर्वाधिक पराभवांचा विक्रम त्याच्याच नावावर होता आणि संपूर्ण इतिहासात एकाही हंगामात दहा विजय नव्हते. मग अडत कशामुळे होतं? इंडियाना हे बास्केटबॉलचं विद्यापीठ. पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्या खेळातली. ‘आम्ही बास्केटबॉलवाले’ हे वाक्य तिथं इतक्या सहजपणे म्हटलं जायचं की फुटबॉलमध्ये हरणं कुणाला फारसं टोचतच नव्हतं. ही मानसिकता खेळाडूंची नव्हे. अठरा वर्षांचा पोरगा हरायला म्हणून कुठंच जात नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर त्यांनी कर्ट सिग्नेटीला आणलं. हा माणूस अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामांकित मुख्य कोचचा सहायक होता, आणि ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून तो २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन टू, म्हणजे खालच्या विभागातल्या, विद्यापीठाचा मुख्य कोच झाला. तिथून ईलॉन, तिथून जेम्स मॅडिसन. सगळीकडे जिंकला. इंडियानात आल्यावर पत्रकारांनी विचारलं, तुमची योजना खेळाडूंच्या गळी कशी उतरवता? तो म्हणाला, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करून बघा. हे वाक्य देशभर गाजलं आणि मानसिकतेची बाजू घेणारे सगळे तेच सांगत बसतात. मला त्यानं केलेली दुसरी कामं महत्त्वाची वाटतात. तो जेम्स मॅडिसनहून डझनभराहून जास्त खेळाडू आणि आपले दोन्ही प्रमुख सहायक बरोबर घेऊन आला. अंगात किती क्षमता दिसते यापेक्षा मैदानावर आजवर काय करून दाखवलं, हे बघून त्यानं माणसं निवडली. विद्यापीठानंही सहायकांच्या पगाराला हात आखडता घेतला नाही, त्यामुळे पहिल्या यशानंतर ती जोडी फुटली नाही. २०२४ मध्ये ११ विजय आणि प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत प्रवेश. २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा, ओहायो स्टेटला १३-१० नं हरवून बिग टेनचं विजेतेपद, मेंडोझाला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी, प्लेऑफमधल्या रोझ बोल सामन्यात अलाबामावर ३८-३, आणि १९ जानेवारी २०२६ ला मायामीला त्यांच्याच गावात २७-२१ नं हरवून राष्ट्रीय विजेतेपद. १६ सामने, १६ विजय. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिग्नेटीशी झालेला करार वर्षाला सरासरी १ कोटी १६ लाख डॉलरचा होता. आता सांगा, हे पैशानं झालं की मानसिकतेनं? पैसा आधीही होता. त्याचं काय करायचं हे ठरवणारं कुणीतरी आलं, आणि विद्यापीठानं त्याच्या ठरवण्याला मान दिला.

पैसा नीट न वापरला तर काय होतं त्याला टेक्सस ए अँड एम साक्षीदार आहे. २०२२ साठी त्यांनी जमवलेली नव्या खेळाडूंची तुकडी देशात अव्वल मानली गेली होती. त्या हंगामात ते ५ जिंकले, ७ हरले. पुढच्या वर्षी कोच जिम्बो फिशरला काढलं तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. लहान विद्यापीठाचा अख्खा क्रीडा विभाग एवढ्यात दोन वर्षं चालतो.

आणि नुसत्या धीरानं काय होऊ शकतं ते बघायचं तर कॅन्सस स्टेट. १९८८ च्या अखेरीस बिल स्नायडर तिथं आला तेव्हा संघाला सलग २७ सामन्यांत एकही विजय नव्हता. संघ मोठ्या कॉन्फरन्समध्ये ठेवावा की नाही यावरच चर्चा चालली होती. १९८९ मध्ये एक विजय. पुढे पाच, मग सात, मग पुन्हा पाच. आजच्या काळात चौथ्या वर्षी पाचवर आलेल्या कोचला नारळ मिळाला असता. अध्यक्ष जॉन वेफाल्ड त्याच्या पाठीशी उभे राहिले. पाचव्या वर्षी नऊ विजय आले आणि १९९८ मध्ये नियमित हंगामात एकही हार नाही. स्नायडरनं केलं काय? दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजमधले, इतरांनी नजरेआड केलेले, वयानं थोडे मोठे खेळाडू शोधले. हेल्मेटवरचं चिन्ह बदलून नवं काढून घेतलं. आणि सर्वांत शहाणपणाचं म्हणजे कॉन्फरन्सबाहेरचे सामने सोपे ठेवले. लोक नावं ठेवायचे, पण बिचकलेल्या पोरांना आधी जिंकायची सवय लागावी लागते हे त्याला कळलं होतं. आमच्या विभागानं पैशासाठी केलं त्याच्या बरोबर उलट. शेजारच्या कॅन्सस विद्यापीठानं नेमका धीर सोडला. २०१० पासून अकरा हंगामांत चार कोच. दर वेळी जुन्याचे पैसे चुकते करायचे, नव्याचा वेगळा खेळ, आधीच्या खेळासाठी घेतलेले खेळाडू निकामी. लान्स लायपोल्ड २०२१ मध्ये आला, त्याला वेळ दिला गेला आणि संघ तिसऱ्या हंगामात नऊ विजयांवर पोचला. हेही बास्केटबॉलवाल्यांचंच घर, हे विसरू नका.

व्हँडरबिल्टचं मात्र मला कौतुक आहे. नॅशव्हिलमधलं श्रीमंत खासगी विद्यापीठ, सुमारे हजार कोटी डॉलरचा कायम निधी, एसईसी या दक्षिणेतल्या बलाढ्य कॉन्फरन्सचं संस्थापक सभासद, आणि तरी फुटबॉलमध्ये कित्येक दशकं मागे. २०२१ मध्ये त्यांनी क्रीडा सुविधांसाठी ३० कोटी डॉलरची मोहीम जाहीर केली. कोच क्लार्क ली हा तिथलाच माजी खेळाडू. २०२३ मध्ये त्याचा संघ २ जिंकला, १० हरला. त्याला काढलं नाही. त्यानं बचावाची सूत्रं स्वतःच्या हाती घेतली, आक्रमणासाठी न्यू मेक्सिको स्टेटची माणसं आणली आणि त्यांच्याबरोबर क्वार्टरबॅक डिएगो पाविया आला. ५ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला त्यांनी ४०-३५ नं हरवलं. विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उपटून गावातून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. पुढच्या वर्षी दहा विजय.

इथपर्यंत वाचून वाटेल की योग्य माणूस आणि धीर एवढ्यावर भागतं. तुमच्या मुलीच्या विद्यापीठाला हे जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंडियाना आणि व्हँडरबिल्ट हे श्रीमंत घरातले गरीब होते. लहान कॉन्फरन्समधलं विद्यापीठ खरोखरच गरीब असतं. टीव्हीचे पैसे नगण्य, आणि क्रीडा विभागाचा मोठा हिस्सा विद्यार्थ्यांच्या फीमधून भरला जातो. तुम्ही भरता त्या फीच्या पावतीतही तो असेल. २०२१ पर्यंत पैशानं कोच आणि इमारती विकत घेता यायच्या, खेळाडू उघडपणे नाही. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागलं आणि त्याच वर्षी खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याचे नियमही सैल झाले. जून २०२५ मध्ये एनसीएएविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर. मोठे तिथपर्यंत पोचतात, लहान त्याच्या जवळपासही जात नाहीत.

याचा अर्थ मी स्वतः पाहिला. दुसऱ्या विद्यापीठात आमच्या नव्या अॅथलेटिक डायरेक्टरनं सगळं नीट केलं. न्याहारी सुरू केली, पेचेक गेम एकावर आणला, सहायकांना दोन वर्षांचे करार दिले. दोन विजयांवरून संघ तीन वर्षांत सातवर गेला. हंगाम संपला आणि महिन्याभरात आमचा ऑफेन्सिव्ह लाइनमधला डाव्या बाजूचा टॅकल, चेंडू झेलणारा एक रिसीव्हर आणि बचावातले दोघं मोठ्या विद्यापीठांकडे गेले. टॅकल निरोप घ्यायला ऑफिसात आला होता. त्याची आई रात्रपाळीत काम करायची आणि त्याला मिळणारी रक्कम तिच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी होती. मी त्याला मनापासून सांगितलं, जा. त्यात मानसिकतेची कमतरता कुणाची होती? कुणाचीच नाही.

म्हणून लहान विद्यापीठासाठी माझा कल थोडा कडू वाटेल अशा गोष्टीकडे आहे: आपल्या पैशात खरोखर लढता येईल अशी पातळी निवडा. आयडाहो विद्यापीठानं २०१६ मध्ये सर्वोच्च विभाग सोडून स्वतःहून एक पायरी खाली यायचं ठरवलं आणि २०१८ मध्ये ते खाली आलं. माजी विद्यार्थी खवळले होते. २०२२ पासून सलग तीन वर्षं तो संघ त्या विभागाच्या प्लेऑफमध्ये खेळला. मला त्या निर्णयात भित्रेपणा दिसत नाही. स्वतःच्या वहीतले आकडे डोळे उघडे ठेवून वाचायला धैर्य लागतं.

तुमच्या मुलीला आपल्या संघाचं खरं दुखणं ओळखायचं असेल तर तिच्या हातात बरंच आहे. विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे कोचचे करार आणि एनसीएएला दरवर्षी पाठवलेला जमाखर्च माहिती मागवून मिळू शकतो. त्यात सहायकांचे करार किती वर्षांचे आहेत ते बघायचं. जेवणखाणाची ओळ बघायची. पुढच्या हंगामात पेचेक गेम किती आहेत ते वेळापत्रकातच दिसेल. आणि शनिवारी सामन्याला गेली की पहिल्या क्वार्टरमध्ये समोरच्या पाच जणांचे नंबर हातावर लिहून ठेवायचे, चौथ्या क्वार्टरमध्ये पुन्हा बघायचे. बँड बहुतेक मैदानाच्या टोकाला बसतो. लाइन तिथून छान दिसते.